तुम्ही विचारलंत म्हणून : लिव्हर साफ करायला काय घेऊ?

"मॅडम, लिव्हर साफ करायला काय घेऊ?" आहाराचा सल्ला देणाऱ्या माझ्यासारखीला हल्ली सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा सोनोग्राफीचा रिपोर्ट असतो. काढलेला असतो मूतखड्यासाठी, पण खाली एक ओळ येते : 'ग्रेड वन फॅटी लिव्हर', म्हणजे लिव्हरमध्ये थोडी चरबी साठलेली. डॉक्टर म्हणालेले असतात, "जरा खाण्याकडे बघा." मग कुणी सकाळी उठून कारल्याचा रस पितं, कुणी भुईआवळ्याचा, कुणी ऑनलाइन गोळ्या मागवतं. प्रत्येकाला तेवढ्यास तेवढं सांगून पुरत नाही, म्हणून एकदा सविस्तरच लिहिते.

उजव्या बरगड्यांच्या आड बसलेलं सव्वा-दीड किलोचं लिव्हर म्हणजे गावाबाहेरचा जुना जकात नाका. स्निग्ध पदार्थांचा मोठा भाग सोडला, तर आतड्यातून शोषलेलं जवळपास सगळं एका मोठ्या शिरेतून आधी इथे येतं आणि मग बाकीच्या शरीराला मिळतं. ट्रकांची रांग तशीच ठेवून नुसता नाका धुऊन काय उपयोग?

नेमकं काय होतं ते बघा. जेवणातली साखर (भात-पोळीतलं पिष्टही पचून साखरच होतं) लिव्हर ग्लायकोजनच्या रूपात साठवतं, पण ती जागा साधारण शंभर ग्रॅमची. स्नायूंमध्ये त्याच्या तिप्पट-चौपट मावते, पण दिवसभर खुर्चीत बसलेल्या माणसाचे स्नायू आधीच भरलेले असतात. जी साखर कुठेच मावत नाही, तिची लिव्हर चरबी करतं. शिवाय पोटावर साठलेली चरबी इन्सुलिनचं ऐकेनाशी झाली की रात्रंदिवस रक्तात सुटत राहते आणि तीही इथेच येऊन पडते. खरं तर लिव्हरमधल्या चरबीचा सगळ्यात मोठा वाटा तिचाच. म्हणून "आमच्याकडे सगळं बिनतेलाचं असतं हो" असं सांगणाऱ्या बाईंच्या रिपोर्टातही तीच ओळ निघते. आणि म्हणूनच लिव्हरचा विचार करताना मी कंबर, दंड-मांड्या, झोप आणि चहा यांची चौकशी आधी करते.

"पण मी तर बारीक आहे!" हा पुढचा प्रश्न. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपल्याकडच्या हडकुळ्या दिसणाऱ्या माणसांबद्दल एवढं बोलका फोटो मी दुसरा पाहिलेला नाही. काट्यावर वजन बरोबर, कपडेही बरोबर बसतात, आणि आत पोटाच्या पोकळीत चरबी.

त्यामुळे काट्याआधी मी टेप काढते. पुरुषांना कंबर विचारली की ते पँटचा नंबर सांगतात : चौतीस. पण पँट बांधलेली असते पोटाच्या खाली, सुटलेलं पोट पट्ट्यावरून पुढे आलेलं. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, साधारण बेंबीच्या उंचीवर धरायची, श्वास सोडायला सांगायचा आणि मग वाचायचं. चौतीसवाले हमखास अडतीसच्या पुढे जातात. आपल्या लोकांसाठी मर्यादा आहे पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८०.

आता ताट. आपल्या जेवणाला नावं ठेवायची मला अजिबात हौस नाही. भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, कोशिंबीर आणि ताक या ताटाला जगात कुठेही मान खाली घालावी लागणार नाही. पण रोज तसं जेवतं कोण? सकाळी पोहे, डब्यात तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी चहाबरोबर खारी, रात्री वरणभात, त्यात वरण पातळ आणि भाताचा डोंगर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारसूचनांत सांगितलंय की दिवसाच्या एकूण ऊर्जेतला धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांच्या वर जाऊ नये. वरच्या डब्यात तो कुठल्या कुठे जातो. मी सहसा काही बंद करत नाही, अदलाबदल करते. तीनऐवजी दोन पोळ्या, आणि उसळ चमचाभर घेण्याऐवजी वाटीभर. पोह्यांत मटार, शेंगदाणे, बरोबर एखादं अंडं किंवा दही. उपासाला साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. तिच्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, दही आणि काकडीची कोशिंबीर. (सासूबाई काय म्हणतील, हा प्रश्न माझ्या अखत्यारीत येत नाही.)

गोडाबद्दल मात्र मी कडक आहे. फळातल्या आणि साध्या साखरेतल्या फ्रुक्टोजचा निपटारा बऱ्याच अंशी लिव्हरलाच करावा लागतो. अख्खं फळ चावून खाल्लं तर ते हळूहळू येतं. ज्यूस केला की एकदम. उसाच्या रसाच्या पाव लिटरच्या ग्लासात तीस ग्रॅमच्या आसपास साखर असते, आणि तो 'थंड' म्हणून लोक लिव्हरसाठीच पितात! चहाचंही तसंच. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे चाळीस ग्रॅम, आणि वर "मी गोड खातच नाही." गुळाने यात काही फरक पडत नाही.

वजन जास्त असेल तर सात ते दहा टक्के उतरवलं की चरबीबरोबर लिव्हरची सूजही बहुतेकांत कमी होते. ऐंशी किलोच्या माणसाला सहा ते आठ किलो, तेही सावकाश. चालणं चांगलंच, पण नुसत्या चालण्यावर थांबू नका. उठाबशा, जिने, जोर, काहीही करा. स्नायू वापरले की साखरेला जागा होते. कॉफी पिणाऱ्यांच्या लिव्हरमध्ये चट्टे पडण्याचं प्रमाण कमी दिसतं, हे अनेक अभ्यासांत आलंय. पीत असाल तर बिनसाखरेची प्या, मुद्दाम सुरू करू नका. दारूचं विचाराल तर चरबी असलेल्या लिव्हरला 'थोडीशी' सुद्धा नको.

आणि त्या गोळ्या, काढे? कोविडच्या काळात घरोघरी गुळवेल उकळत होती. त्यातून लिव्हरला इजा झालेल्या सहा पेशंटची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला ती मान्य झाली नाही, तो वाद वेगळा. ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल आणि मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या गोळ्या यांनीही लिव्हर सुजल्याच्या नोंदी आहेत. आमटीतली चिमूटभर हळद निराळी आणि रोजची गोळी निराळी. ज्याला औषधाइतका गुण आहे, त्याला औषधाइतका त्रासही असणारच, एवढं गृहीत धरून चालावं.

कावीळ हा वेगळा विषय, पण विचारतात म्हणून सांगते. दूषित पाण्यातून येणारी हेपॅटायटिस ए आणि ई बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप उतरते, आणि श्रेय गळ्यातल्या माळेला जातं. गरोदर बाईला ई जिवावर बेतू शकते, आणि बी, सी किंवा पित्तनळीतला खडा माळेने जात नाही. डोळे पिवळे दिसले की आधी रक्त तपासा. तेल-तूप पूर्ण बंद करून नुसत्या उसाच्या रसावर राहण्याची गरज नाही. रस्त्यावरच्या रसातला बर्फ तर मुळीच नको.

सिरॉसिस झालेल्यांनी, म्हणजे चट्टे पडून पडून लिव्हर आक्रसलेल्यांनी, वरचं वजन उतरवण्याचं वाचून उपाशी राहू नये. त्यांचं गणित उलटं. साखर साठवायची जागाच आक्रसल्याने एका रात्रीच्या उपाशीपोटी त्यांचं शरीर स्नायू तोडायला लागतं. म्हणून त्यांना झोपण्यापूर्वी काहीतरी खायला हवं, आणि डाळ-अंडी-पनीर बंद करण्याचा जुना सल्लाही आता मागे पडलाय. उलट किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात.

ग्रेड वन वाचून घाबरलेल्यांनी माझ्याकडे येण्याआधी एक करावं. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून 'फिब-४' नावाचा आकडा निघतो. लिव्हरमध्ये चट्टे पडले असण्याची शक्यता किती, ते तो सांगतो. त्या तपासण्या कुठल्याही लॅबमध्ये होतात, आकडा डॉक्टर काढून देतील. तो १.३ च्या खाली असेल, पासष्टीनंतर २ च्या खाली, तर टेप आणि डब्याचं बघू. वर असेल तर आधी फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी), मग मी.