बंद खिडकी आणि २६० रुपये

मागच्या द्राक्ष हंगामात निफाड तालुक्यात मावशीकडे दोन दिवस राहून मी नाशिकला परत येत होतो. संध्याकाळची मेमू, जिला आमच्याकडे अजूनही पॅसेंजरच म्हणतात, तिथल्या लहान स्थानकावर जेमतेम मिनिटभर थांबते, म्हणून मी वीस मिनिटे आधीच पोहोचलो. तिकीट खिडकीच्या गजांमागे पुठ्ठा लावलेला होता आणि त्यावर निळ्या स्केचपेनने 'लिंक फेल' एवढेच लिहिले होते. तिकिटाचे यंत्र त्या स्थानकावर नाही. मोबाइलवर प्रयत्न केला, तर पैसे भरण्याच्या पायरीवर चक्र फिरत राहिले आणि शेवटी रेंजच गेली. खिडकीसमोर आम्ही आठ-दहा जण होतो. त्यांत मेथीच्या जुड्यांचे गाठोडे घेतलेल्या एक आजी मुठीत दहाची नोट धरून "अरे बाबांनो, तिकीट कोण देतंय?" असे प्रत्येकाला विचारत होत्या.

गाडी आली आणि आम्ही सगळे चढलो. नाशिकरोडला पुलाच्या तोंडाशी टीसींनी अडवले. खिडकी बंद होती, हे मी सांगितले. "सगळेच असं सांगतात, साहेब," ते म्हणाले आणि पावतीपुस्तक काढले. भाडे १० रुपये, अधिक आकार २५० रुपये, एकूण २६० रुपये. आजींना मात्र त्यांनी हातानेच पुढे जायला सांगितले. त्यांच्या मनाचा हा चांगुलपणा मी विसरणार नाही, पण हातात तिकिटाचे पैसे घेऊन उभ्या राहिलेल्या बाईवर कोणाच्या मेहरबानीने सुटण्याची वेळ यायलाच नको होती, असे मला त्या क्षणीही वाटले आणि आजही वाटते.

रक्कम भरून घरी आलो तरी मनातून ती गोष्ट जाईना, म्हणून रेल्वे अधिनियम, १९८९ काढून वाचला. भाडे भरणाऱ्याला तिकीट दिले पाहिजे, असे कलम ५० सांगते. कलम ५५ नुसार पास किंवा तिकिटाशिवाय डब्यात चढता येत नाही, हे आपल्याला ठाऊक असते. मात्र त्याच कलमात पुढे असे आहे की, अधिकार असलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याची परवानगी घेऊन प्रवास करता येतो आणि नंतर भाडे भरण्याच्या अटीवर अशी परवानगी दिल्याचे प्रमाणपत्र प्रवाशाला सामान्यतः मिळते. विनातिकीट प्रवाशाकडून भाड्याइतकी किंवा २५० रुपये, यांपैकी जी जास्त असेल ती रक्कम भाड्याव्यतिरिक्त वसूल करण्याची तरतूद कलम १३८ मध्ये आहे, आणि हे प्रमाणपत्र जवळ असेल तर ती अधिक रक्कम आकारता येत नाही, हेही तिथेच लिहिलेले आहे. फसवणुकीच्या हेतूने केलेल्या प्रवासासाठी कलम १३७ वेगळे असून त्यात सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. म्हणजे फुकट जाणारा आणि तिकीट न मिळालेला, हे दोघे कायद्याच्या लेखी एक नाहीत. मला अडवणारे टीसी चुकले असेही मी म्हणणार नाही, कारण माझ्याजवळ दाखवायला एक कागदसुद्धा नव्हता.

प्लॅटफॉर्म तिकिटावर प्रवास चालतो, असे अनेक जण सांगतात. ते खरे नाही. १० रुपयांचे ते तिकीट दोन तास फलाटावर थांबण्यासाठी असते, आणि खिडकीच बंद असेल तर तेही मिळत नाही.

माझी तक्रार आहे ती त्या पुठ्ठ्याबद्दल. 'लिंक फेल' लिहिणाऱ्याने त्याखाली 'परवानगीपत्रासाठी स्टेशन मास्तरांना भेटावे' एवढी एक ओळ लिहिली असती, तर त्या आठ-दहा जणांना मार्ग कळला असता. अधिनियम वाचून स्थानकावर येणारा प्रवासी मी तरी पाहिलेला नाही, आणि मोबाइलवर तिकीट काढता येते म्हणून खिडकीकडे दुर्लक्ष झाले तरी चालते, हा विचार खेड्यातल्या माणसांवर अन्याय करणारा आहे. भाजीचे गाठोडे घेऊन निघालेल्या आजींच्या हातात स्मार्टफोन असेलच, असे धरून कसे चालेल?

पावसाळ्यात त्याच स्थानकावर पुन्हा तोच पुठ्ठा दिसला. या वेळी मी थेट स्टेशन मास्तरांच्या खोलीत गेलो. "बसा हो, एवढ्याशा अंतरात कोण विचारतंय," असे ते आधी म्हणाले. मी कलम ५५ चा उल्लेख करून लेखी परवानगी मागितली, तेव्हा त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, फोनवर बोलणे उरकले आणि एका कोऱ्या कागदावर तारीख, वेळ, गाडी, तिकीट व्यवस्था बंद असल्याचे कारण आणि नाशिकरोडपर्यंतची परवानगी असे चार ओळींत लिहून खाली सही-शिक्का केला. बाहेर थांबलेल्या दोन कॉलेजच्या मुलींनाही मी आत बोलावले आणि त्यांची नावे त्याच कागदावर चढली.

नाशिकरोडला उतरल्यावर आम्ही तिघे स्वतःहून टीसींकडे गेलो. त्यांनी कागद दोनदा वाचला, शिक्का उजेडात धरून पाहिला आणि प्रत्येकी १० रुपये घेऊन पावत्या फाडून दिल्या.