म्हशी आणि चिखल

आज दुपारी मामांच्या गावी ओढ्याकाठी बराच वेळ बसलो होतो. सांगोल्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. मामांच्या पंढरपुरी म्हशी डबक्यात उतरल्या, ती तलवारीसारखी लांब शिंगं सावरत आधी पुढचे गुडघे टेकले, मग या कुशीवरून त्या कुशीवर लोळण सुरू!

म्हशीला लोक आळशी म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. तिच्या कातडीत घामाच्या ग्रंथी गाईच्या मानाने फारच कमी. त्यात कातडी काळी, केस विरळ. घाम गाळून अंग गार होत नाही, म्हणून ती पाणी शोधते. चिखल तर पाण्याहून सरस. तो अंगावर ओला टिकतो, सावकाश वाळताना उष्णता ओढून घेतो, आणि वाळला की माश्यांना चावायला जागा उरत नाही. हा गारवा मिळाला नाही तर दूध घटतं, माजाची, म्हणजे म्हैस फळायला तयार असल्याची, लक्षणंही दिसत नाहीत. हा मुका माज हुकला की पुढचं वेत, म्हणजे पुढचं विणं, लांबतं, आणि घरात येणारा पैसाही.

मामी मात्र धार काढल्यावर अर्धा तास म्हशीला बसू देत नाहीत, पुढ्यात वैरण टाकून उभी ठेवतात. तेव्हा सडांची तोंडं उघडी असतात, घाण आत गेली तर कासदाह, म्हणजे कासेला सूज येण्याचा आजार, होतो.

गोठ्यात पंखे, फवारे लावताय? जरूर लावा. पण गावातलं डबकं बुजवायचा ठराव आला, तर म्हशींच्या बाजूनेही कुणीतरी बोला.