मनोरीच्या वाडीत हॅमॉकमधली रात्र: डास, ओंबील आणि पाठीखालची गोधडी

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकते, हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांमधे टांगायच्या कापडी झोळीत, डास वरून कमी आणि खालून जास्त चावतो. मला हे कुणी जायच्या आधी सांगितलं असतं तर पहिली रात्र एवढी वाईट गेली नसती, म्हणून जे जे झालं ते सगळं लिहितेय, कारण मुंबईत राहून एका रात्रीसाठी झोळी बांधायला जाणारे आता बरेच दिसतात आणि बहुतेकांची तयारी आमच्यासारखीच असते, म्हणजे एक मच्छरदाणी वरून टाकली की झालं.

आम्ही तिघं होतो, मी, माझी ऑफिसातली मैत्रीण आणि माझा मामेभाऊ, त्याला आम्ही सगळे दादाच म्हणतो. कोजागिरीच्या आसपासचा शनिवार, पाऊस नुकताच सरलेला. मालाडला उतरलो, वेस्टला बाहेर येऊन बसने मार्वे आणि तिथून बोटीने मनोरी. बोटीचा प्रवास जेमतेम १०-१५ मिनिटांचा, बाइकसुद्धा चढवतात लोक, फक्त परतीची शेवटची फेरी किती वाजता ते उतरल्या उतरल्या विचारून ठेवा. दादाच्या ओळखीच्या एका आंटींची तिथे वाडी आहे, नारळ, आंबा, चिकू आणि किनाऱ्याच्या बाजूला सुरूची झाडं. परवानगी आधीच घेतली होती. किनाऱ्यावर उघड्यावर कुठेही बांधायला जाऊ नका, कुणाच्या तरी वाडीतच सांगून बांधा. आणि बोरिवलीच्या नॅशनल पार्कात तर हा विचारही नको, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे रात्री थांबता येत नाही आणि बिबटे आहेत ते वेगळंच.

दुपारी पोचलो तेव्हा समुद्राकडून मस्त वारा होता, एक डास नाही. मैत्रीण म्हणाली सुद्धा की उगाच एवढं क्रीम-बिम आणलं. इथेच आम्ही फसलो. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना, ते इथे अक्षरशः अंगावर कळतं. दिवसा वारा समुद्रावरून जमिनीकडे, डासाला वाऱ्यात धड उडता येत नाही म्हणून तो पाचोळ्यात, सावलीत दबून बसतो. संध्याकाळी वारा पडतो, मधे बराच वेळ पान हलत नाही, आणि मग रात्री हळूहळू उलटा, जमिनीकडून समुद्राकडे सुटतो. मनोरीला जमिनीकडे काय आहे, तर खाडी आणि तिवरं. आठच्या सुमाराला वारा थांबला आणि दहा मिनिटांत कानाशी गुणगुण सुरू झाली. तर जागा दुपारच्या वाऱ्यावर ठरवू नका. खाडी आणि तिवरांपासून जितकं लांब जाता येईल तितकं जा, जमिनीपासून थोडी उंच, मोकळी जागा बघा, दाट झुडपात सावली छान वाटते पण डास दिवसभर तिथेच बसलेले असतात.

आणखी एक, झोळी बांधायच्या आधी आजूबाजूला एक चक्कर मारा. आम्ही मारली तेव्हा विहिरीमागे करवंट्यांचा ढीग दिसला, पावसाचं पाणी साठलेल्या. एक करवंटी हातात घेऊन टॉर्च मारला तर आत बारीक बारीक अळ्या वळवळत होत्या, उजेड पडला की सगळ्या एकदम तळाला जायच्या आणि परत शेपटी वर करून पृष्ठभागाला लटकायच्या, कारण बऱ्याचशा डासांच्या अळ्या शेपटीकडच्या नळीने श्वास घेतात. आम्ही सगळ्या उपड्या करून टाकल्या. त्याने त्या रात्री काही फरक पडत नाही हे खरं, उडणारे डास आधीच तयार असतात, पण अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात तेव्हा पुढच्या आठवड्यात तिथे राहणाऱ्यांना तरी फरक पडेल. आंटींना दाखवलं तर त्यांनी टायर आणि फुटकी बादलीसुद्धा उपडी करून घेतली.

आता झाडं. नारळाला झोळी बांधायची नाही, फोटोत कितीही छान दिसू दे. नारळ पडतो, झावळी पडते, आणि झावळीचं वजन किती असतं ते एकदा उचलून बघा. आम्ही एक टोक आंब्याला आणि दुसरं सुरूला बांधलं. आंब्याला बांधताना वर बघायचं सुचलं नाही. दादा पट्टा ओढून घट्ट करत होता आणि एकदम "आई गं" करून हात झटकायला लागला. वर एका फांदीवर हिरव्याच पानांचा फुटबॉलएवढा गोळा होता, पानं एकमेकांना पांढऱ्या जाळीने चिकटवलेली, आणि त्यातून लाल मुंग्या धावत खाली. आमच्या कोकणातल्या घरी यांना ओंबील म्हणतात. ही जाळी म्हणजे त्यांच्याच अळ्यांच्या तोंडातून निघणारा रेशमाचा धागा, मुंग्या अळी तोंडात धरून पानाच्या या कडेवरून त्या कडेवर नेतात आणि शिवणकाम करतात. बघायला फार सुंदर, पण चावा घेतला की त्या जखमेवर आम्ल सोडतात म्हणून एवढी आग होते. तर आंबा, चिकू, कुठल्याही झाडाला हात लावायच्या आधी वर बघा आणि मग खोडावर दोन मिनिटं टॉर्च धरून मुंग्यांची रांग आहे का ते बघा. रांग असेल तर ते झाड सोडा, औषध मारून जागा मिळवायच्या भानगडीत पडू नका, झाड त्यांचं आहे. आम्ही दोन्ही टोकं सुरूला हलवली.

मुंग्यांचा विषय इथे संपला नाही. चंद्र वर आल्यावर मसाला दूध आटवलं, आणि मैत्रिणीने झोळीत बसून पेला घेतला तेव्हा थोडं दूध पट्ट्याजवळच्या कापडावर सांडलं. पुसलं, पण ओल्या फडक्याने नाही. दोनेक तासांत सुरूच्या खोडावरून पट्टा, पट्ट्यावरून कडी, कडीवरून कापड अशी बारीक काळ्या मुंग्यांची सरळ रांग. पूर्वी घरी दुधाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवायचे, झोळीला पायच नाहीत, तिला दोन दोऱ्या आहेत आणि दोन्ही झाडाला चिकटलेल्या. त्यामुळे अडवायचं तर दोरीवरच. आम्ही मधल्या लोखंडी कडीवर व्हॅसलीनचा जाड थर दिला आणि त्याच्या पुढे दोरीवर डास पळवायच्या क्रीममध्ये माखलेली सुती चिंधी गच्च बांधली, तेवढ्याने रांग परतली. आता मी हे झोळी बांधतानाच करून टाकते. आणि खाणं-पिणं झोळीत नाहीच, बिस्किटाचा पुडा सुद्धा नाही, खाण्याची पिशवी वेगळ्या दोरीला लांब टांगायची. सॅक आणि बूटही जमिनीवर ठेवू नका, सॅकची चेन पूर्ण बंद करा, बूट उलटे करून काठीवर खोचा आणि सकाळी झटकल्याशिवाय पाय घालू नका, मुंग्या सोडा, विंचूही बसतो. कापडी पट्टे रात्रभर पाचोळ्यात पडू दिले तर वाळवी लागू शकते, तेही उचलून ठेवा.

आता खरी गोष्ट. साडेदहाला झोपलो. माझी झोळी साधी, एकपदरी, पातळ नायलॉनची. वरून नेहमीची चौकोनी मच्छरदाणी, दोरीवर टाकून बाजूंनी खाली सोडलेली. चंद्रप्रकाश, लाटांचा आवाज, सगळं छान. साडेअकराला पाठ खाजायला लागली, मग मांड्यांच्या मागे, मग दंड. मला वाटलं जाळीत एखादा डास शिरलाय, टॉर्च लावून आत शोधलं, एकही नाही. मग खाली वाकून झोळीच्या पोटाखाली उजेड टाकला तर कापडाला बाहेरून पंधरा-वीस डास चिकटलेले, बरोबर जिथे माझी पाठ कापडाला टेकते तिथे, एक दोन तर पोट फुगून लाल झालेले. त्यांना मच्छरदाणीत शिरायची गरजच नव्हती. डासाची सोंड जेमतेम २-३ मिलिमीटर, पण ताणलेल्या पातळ कापडातून अंगापर्यंत पोचायला तेवढी पुरते. पलंगावर खाली गादी असते, तंबूत जमीन असते, झोळीत खालून काहीच नाही.

आंटींना अजून झोप लागली नव्हती. मी पाणी प्यायला गेले तर म्हणाल्या, "काय गं पोरी, झोप नाही?" आणि सगळं ऐकून आतून एक जुनी गोधडी काढून दिली, लुगड्यांची, चांगली चार-पाच पदरी. ती झोळीत अंथरून वर झोपले आणि पाठीचं चावणं बंद. तेवढंच. सकाळी मैत्रिणीने मोजले, पाठीवर आणि मांड्यांवर मिळून ३१ चट्टे, सगळे गोधडी मिळायच्या आधीचे.

तेव्हा पाठीखाली काहीतरी जाड पाहिजेच. ट्रेकची कॅरीमॅट चालते पण झोळीत ती सरकते, दुपदरी झोळी असेल तर दोन पदरांच्या मधे मॅट घाला, हलत नाही. थंडीत झोळीच्या खालून बाहेरून लटकवायची रजई मिळते, ती उब आणि डास दोन्हीला. मॅट खांद्यापासून पोटऱ्यांपर्यंत पोचली पाहिजे, नुसती कमरेपुरती नको. आणि मच्छरदाणी अशी हवी की झोळीला सगळीकडून, खालूनसुद्धा, वेढेल. मी परत आल्यावर मंगलदास मार्केटमधून नेटचं कापड आणून टेलरकडून मोठ्या पिशवीसारखी नळी शिवून घेतली, माझी झोळी ३ मीटर म्हणून लांबी साडेतीन मीटर आणि घेर ४ मीटर, दोन्ही टोकांना नाडी, मधे एक चेन. काळी जाळी घ्या, पांढरीवर टॉर्च पडला की बाहेरचं काही दिसत नाही. भोकं जितकी बारीक तितकं बरं, नेहमीच्या मच्छरदाणीतून डास येत नाही पण किनाऱ्यावरची चिलटं सहज येतात आणि त्यांचा चावा डासापेक्षा जास्त दिवस खाजतो. झोळीच्या वरून एक दोरी दोन टोकांमधे ताणून बांधा आणि जाळी तिच्यावर टाका, म्हणजे ती नाकाला, कोपराला, गुडघ्याला टेकत नाही. जिथे टेकते तिथे डास जाळीतूनही चावतात. झोळी फार ताणून बांधू नका, पट्टा जमिनीशी साधारण ३० अंशांत उतरला पाहिजे, मग आडवं-तिरकं झोपता येतं.

औषधांबद्दल. ओडोमॉसमध्ये डीट (डास पळवणारं एक रसायन) नसतं, १२ टक्के एन,एन-डायइथाइल बेंझामाइड असतं, एका रात्रीला ते परत परत लावावं लागतं. डीटवाले स्प्रे जास्त टिकतात, २० ते ३० टक्क्यांचा पुरे. पण डीट काही प्रकारचं प्लास्टिक विरघळवतं हे लक्षात ठेवा. माझ्याकडे जास्त टक्क्यांचा होता, लावून तसाच हात हेडटॉर्चला लावला आणि सकाळी बघते तर पुढची काच धुरकट आणि चिकट, बोटांचे ठसे त्यात कोरल्यासारखे. चष्मा, घड्याळ, मोबाइलचं कव्हर, स्पँडेक्सच्या लेगिंग्ज, यांना ते लागू देऊ नका. नायलॉन, सुती आणि लोकरीला काही होत नाही. तळहाताच्या मागच्या बाजूने लावायची सवय करा. सनस्क्रीन असेल तर ती आधी, हे नंतर.

कपड्यांना आणि झोळीच्या बाहेरच्या बाजूला परमेथ्रिन मारतात, शेवंतीच्या घराण्यातल्या एका फुलात जे कीटकनाशक असतं त्याची ही नक्कल. हे फक्त कापडाला, अंगाला नाही, आणि पूर्ण वाळल्यावरच वापरायचं. ओलं असताना मांजरांना विषारी आहे, मी बिल्डिंगच्या गच्चीवर दार बंद करून मारते कारण आमच्या मजल्यावर मांजर आहे. माशांनाही घातक, तेव्हा ते कपडे खाडीत किंवा विहिरीजवळ धुऊ नका. पट्टे आणि दोऱ्यांनाही मारा.

कॉइल झोळीखाली ठेवू नका, एक तर उघड्यावर धूर भलतीकडे जातो आणि दुसरं म्हणजे नायलॉन क्षणात वितळतं. जेवताना बसायच्या जागेच्या वाऱ्याकडच्या बाजूला ठेवलीत तर थोडा उपयोग होतो. टॉर्चचा लाल उजेड वापरा, पांढऱ्यावर सगळी पाखरं येतात. कपडे फिके, सैल आणि पूर्ण बाह्यांचे, पायमोज्यात पँट खोचून.

दोडामार्ग-सावंतवाडीकडे झोळी घेऊन जाणार असाल तर गोचिडींचं वेगळं भान ठेवा, तिकडे २०१६ पासून गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या माकडतापाच्या केसेस झाल्यात. संध्याकाळी अंगाची तपासणी करायची, चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, रॉकेल-बिकेल लावायचं नाही.

आणि परत आल्यावर दोन-तीन आठवडे तापाकडे लक्ष ठेवा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळच्या आधी जास्त, मलेरियाचा रात्री, म्हणजे हॅमॉकमध्ये दुपारी डुलकी काढतानाही क्रीम हवंच. ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, महापालिकेच्या दवाखान्यात मलेरियासाठी रक्त फुकट तपासतात. डेंग्यूची शंका असेपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, पॅरासिटामॉल आणि डॉक्टर. नुसत्या खाजेला कॅलामाइन आणि गार पाण्याची पट्टी मला पुरली, मैत्रिणीला सेट्रिझिन घ्यावी लागली.

रविवारी सकाळच्या बोटीने परतलो. घरी येऊन झोळी गॅलरीत दोरीवर उलटी करून झटकली तर शिवणीच्या दुमडीतून चार ओंबील निघाल्या, जिवंत, म्हणून आता मी सामान पिशवीत भरायच्या आधी तिथेच झाडाखाली प्रत्येक दुमड उलगडून बघते. गोधडी आंटींना धुऊन परत द्यायला पुढच्या महिन्यात जायचंय, नळीची जाळी तेव्हाच पहिल्यांदा लावणार आहे.