आमची वाटचाल : तात्यांच्या वहीतली पहिली गाडी

आमचा ट्रान्सपोर्टचा धंदा कधी सुरू झाला असं कुणी विचारलं तर आम्ही १९६७चा दसरा सांगतो. दुकान नव्हतं, गोडाऊन नव्हतं. कराडात घराच्या ओट्यावर एक टेबल, टेबलावर बिल्टीबुक म्हणजे मालाच्या पावत्यांचं पुस्तक, आणि दारात झेंडूची माळ घातलेली टाटा मर्सिडीज-बेंझ १२१०. माझे आजोबा, तात्या, त्याआधी बारा वर्षं एका हुंडेकऱ्याकडे, म्हणजे मालवाहतूक ठरवून देणाऱ्याकडे, दिवाणजी होते. दुसऱ्याच्या गाड्यांचे हिशेब लिहून लिहून त्यांना पाठ झालं होतं, कुठल्या मालात भाडं सुटतं आणि कुठल्या रस्त्याला गाडीच्या स्प्रिंगचे पाटे तुटतात. आजीच्या पाटल्या आणि सावकाराचं कर्ज, यांतून गाडी आली. तात्या स्वतः गाडी चालवायला शेवटपर्यंत शिकले नाहीत. म्हणायचे, "मी स्टेरिंगवर बसलो तर वही कोण लिहिणार?"

ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. टेल्कोने (पुढे हीच टाटा मोटर्स झाली) १९५४ साली जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला आणि तो १९६९पर्यंत चालला. त्या पंधरा वर्षांतल्या ट्रकच्या जाळीवर मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी असायची. करार संपल्यावर तिथे टाटांचा टी आला. १२१० मधले बारा म्हणजे मालासकट बारा टन, आणि दहा म्हणजे शंभराच्या आसपास हॉर्सपॉवर. आमच्याकडे तिला सगळे बारा-दहाच म्हणतात. कारखान्यातून यायची ती चेसी, इंजिन आणि बॉनेटचं तोंड. केबिन आणि माल ठेवायचा हौदा आपापल्या गावात बांधून घ्यायचा. आमचं केबिन कराडच्याच सुताराने बांधलं, सागवानी चौकट आणि वर पत्रा.

गाडी येऊन दोन महिने झाले नव्हते तोच ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगरात बहुतेक घरं पडली. कराडातही लोक घरात झोपायला तयार नव्हते. आमच्या वाड्याच्या भिंतीला आडवी भेग गेली होती, म्हणून आजीने पोरांची अंथरुणं गाडीच्या हौद्यात टाकली आणि वर ताडपत्री ओढली. माझे वडील, आण्णा, तेव्हा आठ वर्षांचे. दिवसा गाडी पत्रे, घोंगड्या आणि धान्य घेऊन पाटणमार्गे कोयनेला जायची, आणि रात्री परत आली की त्याच हौद्यात घरची मंडळी झोपायची. तात्यांची त्या वर्षीची वही आमच्याकडे आहे. तारीख, कुठून कुठे, माल, डिझेल, भाडं असे रकाने. डिसेंबरातल्या आठ फेऱ्यांपुढे भाड्याच्या रकान्यात नुसती आडवी रेघ आहे. कर्जाचा हप्ता मात्र त्या महिन्यातही लिहिलेला आहे.

पुढचं भरभर सांगते, कारण सगळ्याच ट्रान्सपोर्टवाल्यांचं ते थोडंफार सारखं असतं. १९७२च्या दुष्काळात बारा-दहाने स्टेशनवरून खेड्यांत मिलो, म्हणजे रेशनची परदेशी लाल ज्वारी, वाहिला. एरवी कुंभार्ली घाटाने चिपळूणला गूळ जायचा, मोसमात परतीला आंब्याच्या पेट्या. ८३ साली दुसरी गाडी आली, नव्वदच्या दशकात तिसरी-चौथी. ९८ साली बारा-दहाला शेडखाली लावलं. माझ्या हातात कारभार आला तो २०१२ साली. मुलगी ट्रान्सपोर्ट चालवणार म्हटल्यावर दोन जुन्या गिऱ्हाइकांनी माल द्यायचं बंद केलं आणि वर्षभरात त्यांतलं एक परत आलं. आज सात गाड्या आहेत. हे झालं.

बारा-दहा मात्र एकवीस वर्षं जागची हलली नाही. दर साली आण्णा न चुकता नॉन-यूजचा अर्ज भरायचे. गाडी वापरात नसली की टॅक्स लागू नये म्हणून तसं आधी कळवावं लागतं, गाडी कुठे उभी आहे तेही लिहून द्यावं लागतं. 'मालकाच्या वाड्यालगतचे आवार', दर वर्षी तेच वाक्य, त्याच अक्षरात. मला हा शुद्ध वेडेपणा वाटायचा. विकून टाका म्हटलं की आण्णा गप्प बसायचे, नाहीतर मुद्दाम उठून दुसऱ्या गाडीची हवा बघायला जायचे.

२०१९च्या ऑगस्टमध्ये नदीचं पाणी आवारात शिरलं. दोन दिवस गाडी चाकांच्या वरपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर एक भंगारवाला आला, गाडीभोवती एक फेरी मारून त्याने किलोवर भाव सांगितला. आण्णांनी त्याला चहा पाजला आणि जा म्हणून सांगितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी ह्यात झोपलोय." तीन शब्द. त्यावर मी काय बोलणार? त्या दिवाळीत आम्ही मिस्त्रींना बोलावलं.

मिस्त्री सत्तरीचे. मर्सिडीज इंजिनांवर हात बसलेली त्यांची पिढी आता संपत आलीय. त्यांनी आधी सम्पचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचा, बोल्ट सोडला. तेलाच्या आधी पाणी आलं. नोझल काढून सहाही सिलिंडरांत डिझेल आणि तेल ओतून ठेवलं आणि म्हणाले, "आता हिला आठ दिवस हात लावू नका." आठ दिवसांनी फ्लायव्हीलला पहार लावून बघितलं, इंजिन हललं नाही. अजून आठ दिवस. मग एका सकाळी बोटभर फिरलं. हेड उतरवल्यावर कळलं की चार नंबरच्या पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला चिकटल्या होत्या.

इथे एक चूक माझी. मी हौसेने स्वतः पिस्टन मागवले. दुकानदाराने विचारलं, "टाटाचं जुनं सहा सिलिंडर ना?" मी हो म्हटलं. आले ते ६९२ इंजिनाचे. आता ६९२ हा आकडाच सांगतो, सहा सिलिंडर, ९२ मिलिमीटर. आमच्या गाडीत त्याच्या आधीचं ओएम ३१२, त्याचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ९०. मिस्त्रींनी पिस्टन हातात घेतला, सिलिंडरवर ठेवला, काही न बोलता परत खोक्यात ठेवला. त्या खोक्यावर आजही माझ्या ऑफिसमधली कुंडी आहे. शेवटी ब्लॉक आणि क्रँक कोल्हापूरला उद्यमनगरात नेला. क्रँक आधी दोनदा घासलेला होता, त्याला लागणारं बेअरिंग कुणाच्या यादीत नव्हतं. ते सापडलं एका जुन्या दुकानाच्या वरच्या फळीवर, तेलकट कागदात गुंडाळलेलं. दुकानाच्या म्हाताऱ्या मालकांनी त्यावर पेन्सिलीने लिहिलेली जुनी किंमत दाखवली, हसले, आणि आजची किंमत घेतली.

लॉकडाऊनमध्ये वर्ष गेलं. तेवढ्या वेळात केबिनचं काम काढलं. सुतार म्हणाले, गाड्यांच्या हौद्याचं लाकूडकाम करून मला पंधरा वर्षं झाली, आता मी दारं-खिडक्या करतो. तरी आले. खालच्या पट्ट्या कुजल्या होत्या, पण उभे खांब इतके टणक की जुना खिळा निघेना. जे चांगलं होतं ते ठेवलं. नवं लाकूड मुद्दाम रंगाखाली लपवलं नाही. आतून बघितलं की कुठलं तात्यांच्या वेळचं आणि कुठलं आत्ताचं ते कळतं.

पेंटरने घासायला घेतलं तर थरांखाली थर. वर हिरवा, त्याखाली केशरी, फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या मागच्या फळीवर, त्याच्याही खाली कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण. त्याची इच्छा मागे मोठ्या अक्षरांत 'हॉर्न ओके प्लीज' लिहायची होती. पण महाराष्ट्रात २०१५पासून ते लिहायला बंदी आहे. बिचाऱ्याचा हिरमोड झाला. मग त्याने तिथे कमळाची वेल काढली, जरा जास्तच.

खरा वाद झाला तो चांदणीवरून. ७४ साली घाटात गाडीचं तोंड ठेचलं होतं, तेव्हा जाळी बदलली ती टीची. जुन्या गाड्यांचे शौकीन दोघे-तिघे बघायला आले, सगळ्यांचं एकच म्हणणं, चांदणी लावा, त्याशिवाय गाडी अस्सल नाही. एकाने तर मिळवून देतो म्हटलं. मी नको म्हटलं. चांदणीची गाडी सात वर्षं चालली, टीची चोवीस. आम्हाला शोकेसमधली गाडी करायची नव्हती. जिथे जे तुटलं, तिथे ज्याने जे बसवलं, त्यावरच ती चालत आली आहे. शौकीन मंडळी जरा नाराज होऊन गेली.

त्यांनीच सुचवलं होतं की व्हिंटेज म्हणून नोंदवा. २०२१मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी तशी सोय केली, पण ती खाजगी वापराच्या दुचाकी आणि चारचाकींसाठी. नव्या नोंदणीला नंबरात व्हीए ही अक्षरं मिळतात, आणि अशी गाडी धंद्याला वापरता येत नाही. आमची सहा चाकांची मालगाडी त्यात बसत नव्हती, आणि बसली असती तरी मला ते नको होतं. राहिला नेहमीचा रस्ता, म्हणजे पासिंग, आरटीओची फिटनेस तपासणी. जुनी नोंद साताऱ्याच्या कागदी रजिस्टरमध्ये होती, कारण कराडचा एमएच ५० खूप नंतरचा. ती संगणकावर चढवून घ्यावी लागली. आणि तिथे आण्णांचे एकवीस अर्ज कामाला आले. एका सुतळीत बांधलेला गठ्ठा त्यांनी टेबलावर ठेवला. ते नसते तर इतक्या वर्षांचा टॅक्स आणि त्यावरचा दंड मिळून गाडी दोनदा भंगारात गेली असती. वेडेपणाबद्दल मी त्यांना अजून काही बोललेले नाही, पण गठ्ठ्याला आता प्लास्टिकची फाइल घेतलीय.

पासिंगला पुढे पांढऱ्या, मागे लाल चमकत्या पट्ट्या लावाव्या लागल्या. नऊवारीवर हेल्मेट घातल्यासारखं दिसतं, पण रात्री घाटात मागच्याला दिसतं हेही खरं. टायर ९००-२० नवे मिळतात, ती चिंता नव्हती. धुराच्या तपासणीची होती. मायकोच्या डिझेल पंपाचे एलिमेंट बदलले, नोझल बसवून घेतले आणि धुराचा आकडा ६५च्या मर्यादेत आला. पंधरा वर्षांवरच्या जड गाडीला फिटनेसची फी २०२२च्या एप्रिलपासून १२,५०० झाली होती, ती भरली. सगळा खर्च सात लाखांच्या घरात गेला. तेवढ्यात एक चांगला जुना टेम्पो आला असता, हे माझ्या नवऱ्याने मला एकदाच सांगितलं.

आदल्या दिवशी गाडी चालू होईना. ह्या इंजिनाला हीटर प्लग असतात. किल्ली फिरवून डॅशबोर्डावरची तार लाल होईपर्यंत थांबायचं, मग स्टार्टर. तार लाल होईचना. सहाही प्लग दिवाळीच्या माळेसारखे ओळीने जोडलेले, एक गेला की सगळे थंड. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर लावत लावत पाच नंबरचा पकडला.

२०२३च्या फेब्रुवारीत पहिली खेप कोयनानगरला, गुळाच्या ढेपा, तीन टन. पूर्ण लोड घालायचा धीर मला झाला नाही. आमच्या तरुण ड्रायव्हरला डबल क्लच मारून गिअर टाकायची सवय नव्हती, पाटणपर्यंत त्याने गिअरची अशी करकर काढली की आण्णांनी त्याला बाजूला बसवलं. पॉवर स्टेरिंग नाही, वळणावर अख्ख्या अंगाने ओढावं लागतं. तरी चौसष्ट वर्षांच्या माणसाने ते ओढलं. मी मागून आमच्या गाडीने येत होते. चढाला बारा-दहा वीसच्या वर जात नव्हती आणि तिच्यामागे मोठी रांग लागली, पण हॉर्न फारसा कुणी वाजवला नाही. कोयनानगरात माल उतरवताना दुकानदाराच्या वडिलांनी फाळक्यावर हात फिरवला आणि आण्णांशी बराच वेळ काही बोलत होते. मी तिकडे गेले नाही.

रात्री वही काढली. आण्णांनी तारीख, माल, डिझेल लिहिलं, आणि भाड्याच्या रकान्यात रेघ मारायला पेन टेकवलं. मी त्यांच्या हातातून पेन घेतलं. भाडं मी सकाळीच घेतलं होतं, बाजारभावाने, आणि तेच लिहिलं. ते दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, "पुढची खेप कधी आहे?"