उभी राहिली की थरथरते : चौथा रविवार

मागच्या नोंदीत मी छाती फुगवून लिहिलं होतं, की गाडीचे चारही स्पार्क प्लग बदलले आणि मिसिंग (एखादं सिलिंडर मध्येच न पेटणं) गेलं. ते शब्द गिळतो. बरोबर चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला उभा होतो, तर आरशात मागच्या केएमटी बसचा नंबर पुन्हा दोन-दोन दिसायला लागला.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: २०१२ ची पेट्रोल गाडी, १.२ लिटर, चार सिलिंडर, प्रत्येक प्लगवर ठिणगीचा करंट देणारी स्वतंत्र कॉइल. चालताना तक्रार नाही. उभी राहिली की मात्र स्टिअरिंग, सीट, दाराचं हँडल, सगळं अंगात आल्यासारखं.

या वेळी काही बदलायच्या आधी नुसतं ऐकलं. ७५० आरपीएमला चार सिलिंडर मिळून सेकंदाला २५ वेळा पेटतात, तो आवाज सलग लागतो. एकच सिलिंडर झोपलं तर सेकंदाला सहा-एक वेळा खड्डा पडतो, आणि तो बोटांना मोजता येईल असा जाणवतो. सायलेन्सरपाशी हात धरला तर फुक-फुक-फुक आणि मध्येच एक पोकळ. म्हणजे एकच सिलिंडर पेटायचं चुकतंय. पेट्रोलमध्ये कचरा असता किंवा हवा आत घेणारी थ्रॉटल बॉडी घाण असती, तर हा ताल इतका नेमका आला नसता.

मग इंजेक्टरचे (सिलिंडरला पेट्रोल सोडणाऱ्या नळांचे) कनेक्टर एकेक काढून पाहिले. १ काढला, इंजिन आणखी कण्हायला लागलं. २ तसंच. ३ काढला, काही फरक नाही, म्हणजे ते आधीच झोपलेलं. सापडलं. (कॉइल काढून हीच परीक्षा घेणारे आहेत, पण मग न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो तापतो. इंजेक्टरच काढा.) गाडीचे एरर कोड वाचणाऱ्या ब्लूटूथ स्कॅनरनेही पी०३०३ दाखवला, म्हणजे तिसऱ्याच सिलिंडरचं मिसिंग.

इथे मी शहाणपणा केला. ३ ची कॉइल १ वर आणि १ ची ३ वर लावली. मिसिंग ३ वरच राहिलं. म्हटलं, कॉइल निर्दोष सुटली. दोन दिवसांनी स्कॅनर लावला तर पी०३०३ च्या जोडीला पी०३०१!

डोकं चालेना, म्हणून उद्यमनगरातल्या मेस्त्रीमामांकडे दोन्ही कॉइल आणि ३ चा प्लग पिशवीत घालून नेला. मामांनी गाडी बघितलीच नाही. प्लगची पांढरी चिनीमाती अंगठ्याने पुसली आणि माझ्यापुढे धरली.

"ही रेघ दिसतीय का?"

वरपासून खालच्या लोखंडापर्यंत, पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ.

"तेल हाय न्हवं होलात?"

होतं. पहिल्यांदा प्लग बदलताना, प्लग बसतो त्या तिसऱ्या होलात तेल दिसलं होतं, ते मी फडक्याने टिपून घेतलं आणि विसरलो. इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरखालचं प्लग होलचं सील कडक झालंय, तिथून तेल झिरपतं. त्या तेलात कॉइलचं रबरी बूट (प्लगवर बसणारी नळी) फुगतं, मऊ पडतं, आणि करंट टोकाकडून उडी मारायच्या ऐवजी चिनीमातीच्या बाहेरून सरळ लोखंडावर उतरतो. एकदा ती वाट पडली, की करंट तिथूनच जाणार. बुटाच्या आतही तशीच रेघ होती. म्हणजे ३ चं जुनं बूट मी स्वतःच्या हाताने १ च्या नव्या प्लगवर नेऊन बसवलं होतं. अदलाबदल करताना बूट आणि प्लग ही एक जोडी धरायची, हे मला आज कळलं.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग, चार होल सील, चार बूट (सुटे मिळाले, अख्ख्या कॉइल घ्याव्या लागल्या नाहीत) आणि ३ व १ चे प्लग. कव्हरचे बोल्ट मधून बाहेर, हलक्या हाताने, दोन फेऱ्यांत. जोर लावला तर ॲल्युमिनियममधला आटा जातो, आणि मग वेगळंच रामायण.

चालू केली. खड्डा गेला. पण थरथर? अर्धीच गेली.

एसी लावला की अजून स्टिअरिंग गुणगुणतं, मात्र आता ताल सलग आहे, कुठे पोकळ नाही. इंजिन नीट चाललंय आणि तरी बॉडी हलतेय, तर संशय माउंटिंगवर, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं त्यांवर. ऑइल चेंबरखाली लाकडाची फळी घालून जॅकने इंजिनाचं वजन जेमतेम पेललं. चालू इंजिनाखाली हात नाहीत, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. थरथर लगेच बदलली. टॉर्च मारला तर उजव्या माउंटिंगच्या रबराला आडवी चीर, आणि खाली ब्रॅकेटवर काळपट चिकट ओघळ. आत द्रव भरलेलं माउंटिंग आहे, ते रिकामं झालंय. इतके दिवस तिसऱ्या सिलिंडरचा हादरा तेच झेलत होतं, त्याला तरी काय म्हणायचं.

माउंटिंग सांगून ठेवलंय, गुरुवारी येईल. तोवर एसी बंद, आणि या पावसात काच पुसायला एक फडकं शेजारच्या सीटवर.