बोरिवली बंद, नकाशावर मात्र हिरवी

जुलैतला सोमवार. आमच्या पतसंस्थेच्या फोर्टच्या मुख्य कार्यालयात भिंतीवरच्या टीव्हीवर झॅबिक्सचा, म्हणजे नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, नकाशा दिवसभर चालू असतो. मधोमध मोठा स्विच, म्हणजे सगळ्या लाइनच्या केबल जिथे येतात ते यंत्र, आणि तिथून दादर, मुलुंड, बोरिवलीच्या शाखांकडे गेलेल्या रेघा; लाइन चालू तर हिरवी, बंद तर लाल. त्या सकाळी मुलुंडची रेघ लाल दिसली. फोन केला तर तिकडून उत्तर आलं, "अहो, पासबुकं छापतोय, सगळं चालू आहे." तेवढ्यात बोरिवलीच्या मॅडमचा फोन: "सर, अर्धा तास झाला, काहीच उघडत नाहीये." नकाशावर बोरिवली हिरवीगार. मी नकाशावर विश्वास ठेवला आणि त्यांना कॉम्प्युटर बंद करून चालू करायला सांगितलं. काउंटरवर रांग असताना त्यांची आणखी वीस मिनिटं माझ्यामुळे गेली. ते अजून बोचतं.

मग पिंग केलं, म्हणजे शाखांच्या यंत्रांना नेटवर्कवरून थेट हाक मारून पाहिली. मुलुंड उत्तर देत होतं, बोरिवली नाही. फायबरची तक्रार नोंदवली, दुपारपर्यंत लाइन जोडली गेली, आणि मी नकाशाच्या मागे लागलो.

टीव्हीवर जुनं पान अडकलंय का, हे आधी पाहिलं. रिफ्रेश करूनही रंग तेच. झॅबिक्समध्ये रेघेचा रंग तिला जोडलेल्या ट्रिगरवरून, म्हणजे बिघाड आहे की नाही हे ठरवणाऱ्या नियमावरून, ठरतो. म्हणून रेघेवरून ट्रिगर, ट्रिगरवरून आयटम (झॅबिक्स सतत विचारत असलेला एक आकडा), आयटमवरून ओआयडी (त्या आकड्याचा स्विचमधला पत्ता) असं मागे मागे गेलो. मुलुंडचा आयटम एसएनएमपीने (नेटवर्कच्या यंत्रांना त्यांची स्थिती विचारायची पद्धत) स्विचला विचारत होता, १२ नंबरच्या इंटरफेसचं, म्हणजे पोर्टचं, आयएफऑपरस्टेटस (चालू की बंद) काय? उत्तर येत होतं २, म्हणजे बंद. चालू असता तर १ आलं असतं.

स्विचचा अपटाइम, म्हणजे तो किती वेळ सलग चालू आहे, पाहिला आणि खटकलं: जेमतेम दीड दिवस. शनिवारी रात्री वीज गेली होती आणि यूपीएस तेवढा वेळ टिकला नव्हता. त्याआधीच्या आठवड्यात आम्ही स्विचमध्ये एक नवं कार्ड बसवलं होतं. रीस्टार्ट होताना स्विचने इंटरफेसना नव्याने क्रमांक दिले. एसएनएमपीवॉक ही कमांड चालवून आयएफडेस्क्रची, म्हणजे पोर्टच्या नावांची, यादी काढली आणि जुन्या नोंदवहीशेजारी ठेवली. मुलुंड १२ वरून १३ वर गेलं होतं, बोरिवली १३ वरून १४ वर. १२ वर आता केबल नसलेलं नवं पोर्ट होतं, म्हणून मुलुंड लाल. १३ वर चालू असलेलं मुलुंड होतं, म्हणून बंद पडलेली बोरिवली हिरवी.

हे आयटम कधीकाळी हाताने, थेट क्रमांक टाकून बनवलेले होते. ते बदलून डायनॅमिक इंडेक्स वापरला: आता झॅबिक्स आधी पोर्टचं नाव शोधतो आणि त्याच्यापुढचा क्रमांक घेतो. रीस्टार्टनंतरही क्रमांक कायम ठेवायची सेटिंग स्विचवर होती, तीही चालू केली.

हे झाल्यावर घरी जाता आलं असतं, पण बोरिवलीच्या हिरव्या रंगाने मला घाबरवलं होतं. लाल चुकला तर कोणीतरी धावत जाऊन बघतं. हिरवा चुकला तर कोणी उठतही नाही. म्हणून दादरही तपासलं. तिथला राउटर मे महिन्यात बदलला होता आणि नव्या राउटरवर कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे एसएनएमपीचा पासवर्ड, वेगळी पडली होती. तेव्हापासून एकही आकडा आला नव्हता. ट्रिगर शेवटच्या निकालावर थांबला होता आणि रेघ हिरवीच राहिली होती. झॅबिक्समधल्या होस्टच्या, म्हणजे यंत्रांच्या, यादीत एसएनएमपीचं चिन्ह लाल होतं, पण ती यादी आम्ही उघडतच नव्हतो. स्ट्रिंग दुरुस्त केली. शिवाय प्रत्येक लाइनला नोडेटाचा वेगळा ट्रिगर लावला: दहा मिनिटं आकडा आला नाही तर रेघ करडी.

रविवारी शाखा बंद असताना फोर्टला गेलो आणि स्विचमधून एकेक केबल काढली. बोरिवलीची काढली, मिनिटाभरात बोरिवलीच लाल झाली. परत लावली, हिरवी. मुलुंडही तसंच. मग दादरच्या राउटरची एसएनएमपी बंद केली आणि घड्याळ लावून टीव्हीसमोर बसलो. अकराव्या मिनिटाला रेघ करडी झाली.