मार्केट यार्डातला पिवळा रंग

आज सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे सुरू असताना एका कडेला बसून जलरंगात काम केले. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या हळदीचा रंग तयार पिवळ्या ट्यूबमध्ये सापडत नाही. हमालाच्या मनगटावर, नखांच्या कडांत आणि घामाने भिजलेल्या बंडीच्या शिवणीवर तो निरनिराळा दिसतो, आणि पत्र्याखालच्या सावलीत तर चक्क जांभळट छटा धरतो. मूळचे कोल्हापूरचे चित्रकार एम. व्ही. धुरंधर सामान्य माणसांचे वेश आणि लकबी इतक्या बारकाईने का टिपत, हे अशा ठिकाणी उमगते. (स्टुडिओत मॉडेल बसवून ही ऐट येत नाही, हे माझे जुने मत.) हमालमामा चित्र पाहून म्हणाले, "मिशा तेवढ्या काळ्या करा की ओ!" मी मात्र त्या पिकलेल्याच ठेवल्या.